परदेशात पोचलात? वकिलातीला कळवलंत का?

भाचा गेल्या ऑक्टोबरात हायडेलबर्गला शिकायला आला. आल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी तो माझ्याकडे मानहाइमला जेवायला आला. दुसऱ्यांदा भात वाढेपर्यंत मी दम धरला आणि मग विचारलंच, "वकिलातीत नोंद केलीस का रे?"

"केली की मावशी, बुधवारीच. दीड तास बसवून ठेवलं."

त्याने केली होती ती आनमेल्डुंग. जर्मनीत राहायला जागा मिळाली की दोन आठवड्यांच्या आत गावाच्या नागरिक कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. ती जर्मन सरकारची नोंद. ती सक्तीची असते आणि तिच्यावाचून पुढची निम्मी कामं अडतात. मी विचारत होते ती आपल्या सरकारची नोंद: हा आपला नागरिक इथे इथे राहतो, त्याचा हा फोन, त्याच्या घरच्यांचा हा फोन. ही कोणी मागत नाही. केली नाही म्हणून दंड होत नाही, बँकेत खातं अडत नाही, विद्यापीठ विचारत नाही. म्हणून ती राहून जाते. दर वर्षी नव्याने येणाऱ्या दहा-बारा मुलामुलींना मी हा प्रश्न विचारते आणि दर वर्षी त्यातले नऊ-दहा जण आनमेल्डुंगच सांगतात.

जेवण आटोपल्यावर आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो. वीस मिनिटांत काम झालं, त्यातली दहा मिनिटं एका रकान्यावर गेली. त्या रकान्याकडे पुढे येतेच.

नोंद कशासाठी

मी 'वकिलात' म्हणते, कारण घरात तोच शब्द ऐकला. पेशवाईत दिल्ली दरबारी हिंगणे घराण्यातली माणसं मराठ्यांचे वकील म्हणून बसत. हा वकील त्या अर्थाचा, काळ्या कोटातला नव्हे. आजच्या सरकारी मराठीत राजधानीतल्या कार्यालयाला दूतावास म्हणतात आणि इतर मोठ्या शहरांतल्या कार्यालयांना वाणिज्य दूतावास. 'वाणिज्य' वाचून ते व्यापाऱ्यांसाठी असावं असं वाटतं, आणि बरेच जण तिथेच फसतात. पासपोर्ट, जन्म-मृत्यूच्या नोंदी, अडकलेल्या नागरिकांना मदत ही सगळी कामं तिथेच होतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा राष्ट्रकुलातल्या देशांत राजधानीतल्या कार्यालयाला उच्चायोग म्हणतात. नाव वेगळं, काम तेच.

नोंद म्हणजे त्या कार्यालयाकडच्या यादीतली एक ओळ. त्या ओळीने व्हिसा वाढत नाही, पासपोर्ट लवकर येत नाही आणि कुठल्याही विमानात जागा राखून ठेवली जात नाही. मग उपयोग काय? युक्रेनचं उदाहरण घ्या. २०२२च्या जानेवारीत कीव्हमधल्या आपल्या दूतावासाने तिथल्या भारतीयांना ऑनलाइन फॉर्म भरून नोंद करायला सांगितलं. १५ फेब्रुवारीला सूचना आली की ज्यांना थांबणं आवश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देशाबाहेर पडावं. २४ तारखेला हल्ला झाला आणि विमानतळ बंद झाले. पुढे 'ऑपरेशन गंगा'त पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया अशा शेजारच्या देशांतून विमानं सुटली. सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले, त्यात वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलं जास्त होती. अशा वेळी कोणत्या गावात किती माणसं आहेत, कोणत्या वसतिगृहात आहेत, कोणाला निरोप गेला आणि कोणाला नाही, हे यादीवरून ठरतं. यादीत नसलेल्यालाही मदत मिळते, पण तो आहे हेच आधी कोणाला तरी कळावं लागतं. २०२३च्या एप्रिलमध्ये सुदानमधून माणसं काढली तेव्हाही तसंच. पोर्ट सुदानहून जहाजाने आणि विमानाने जेद्दा, तिथून भारत. खार्टूममध्ये गोळीबार चालू असताना घरोघरी जाऊन कोण कुठे आहे ते विचारता येत नाही.

जर्मनीत युद्ध नाही, हे मलाही माहीत आहे. इथे नोंद कामाला येते ती साध्या प्रसंगांत: अपघात, अटक, हरवलेला पासपोर्ट, किंवा भारतातून आलेला "मुलगा आठ दिवस फोन उचलत नाही" असा घरच्यांचा निरोप.

आधी ठरवा, तुमचं कार्यालय कोणतं

जवळचं कार्यालय ते आपलं, असं बहुतेकांना वाटतं. ते चूक आहे. प्रत्येक कार्यालयाला ठरावीक राज्यं वाटून दिलेली असतात आणि आपण ज्या राज्यात राहतो त्यावरून कार्यालय ठरतं. जर्मनीत दूतावास बर्लिनला आहे आणि वाणिज्य दूतावास फ्रँकफर्ट, हॅम्बर्ग आणि म्युनिकला.

आमच्या मानहाइमचीच गंमत बघा. इथून फ्रँकफर्ट ऐंशी किलोमीटरच्या आत आहे, गाडीने तासभरही लागत नाही. म्युनिक तीन-साडेतीनशे किलोमीटर लांब. पण मानहाइम बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणून आम्ही म्युनिकचे. ट्रामने ऱ्हाइन ओलांडली की पलीकडे लुडविग्सहाफेन लागतं. तिथल्या रासायनिक कारखान्यात काम करणारी आपली बरीच मंडळी आहेत. ते गाव ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्यातलं, म्हणून ती मंडळी फ्रँकफर्टची. नदीच्या दोन काठांवरची माणसं रोज एकाच डेपोच्या ट्राममध्ये बसतात आणि वकिलाती वेगळ्या! वाल्डॉर्फला सॅप या सॉफ्टवेअर कंपनीत पुण्याहून येणारे आणि हायडेलबर्गचे विद्यार्थी, हे सगळे म्युनिकचे.

हाच घोळ इतर देशांतही असतो. अमिरातीत शारजाचा माणूस दुबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातो, पण अल ऐन अबुधाबी अमिरातीत येतं, त्यामुळे तिथला माणूस अबुधाबीच्या दूतावासाचा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनचे लोक न्यूयॉर्कच्या कार्यालयाखाली येतात. तुमच्या देशातल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर अधिकारक्षेत्र दिलेलं असतं. फॉर्म उघडण्याआधी तेवढं वाचा. चुकीच्या कार्यालयात नोंद केली तर ती कोणी नाकारत नाही, आणि अडचण तीच आहे. तुम्हाला वाटतं झालं, आणि ज्यांना माहिती हवी त्यांच्याकडे ती नसतेच.

फॉर्म कुठे भरायचा

दोन जागा बघायच्या. पहिली, तुमच्या दूतावासाचं किंवा वाणिज्य दूतावासाचं संकेतस्थळ. त्यावर भारतीय नागरिकांची नोंदणी किंवा विद्यार्थ्यांची नोंदणी अशा नावाचा दुवा असतो. दुसरी, परराष्ट्र मंत्रालयाची सगळ्या देशांसाठीची संकेतस्थळं. परदेशस्थ भारतीयांसाठी २०२०च्या डिसेंबरात 'ग्लोबल प्रवासी रिश्ता' सुरू झालं. तक्रारींसाठी २०१५पासून 'मदद' आहे, आणि त्यावर परदेशी शिकणाऱ्यांना स्वतःची नोंदही करता येते. कोणतं आधी? माझा सल्ला असा: स्थानिक कार्यालय त्याच्या संकेतस्थळावर जिकडे पाठवेल तिकडे आधी भरा, कारण प्रसंग आला की तुमच्याशी बोलणारी माणसं तिथलीच असतात.

पत्ता नीट बघा. खऱ्या संकेतस्थळाच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन असतं, आणि तिथल्या ईमेलच्या शेवटी बहुधा एमईए डॉट गव्ह डॉट इन. गडबडीच्या काळात कार्यालयं साधे गूगल फॉर्मही वापरतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला दुवा थेट भरू नका, तो अधिकृत संकेतस्थळावर दिसतोय का ते पाहून मग भरा. पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख आणि पत्ता एकाच ठिकाणी मिळाला की भामट्याचं काम सोपं होतं. नोंदणीला पैसे लागत नाहीत. कोणी 'नोंदणी फी' मागितली तर तो आपला माणूस नव्हे. "तुमच्या कागदपत्रांत चूक आहे, आत्ता पैसे भरा नाहीतर परत पाठवू" असे वकिलातीच्या नावाने फोन येतात. स्क्रीनवर नंबर खरा दिसला तरी फोन ठेवून द्या. वकिलात असे पैसे फोनवर मागत नाही.

जवळ काय घेऊन बसायचं

पासपोर्ट, व्हिसा किंवा रहिवासी कार्ड, इथला पूर्ण पत्ता पिनकोडसह, इथला मोबाइल नंबर, रोज उघडता असा ईमेल, आणि कॉलेजचं किंवा कंपनीचं नाव-पत्ता. एवढं पुरतं.

नावाचा रकाना मात्र आपल्याकडच्यांना हमखास अडतो. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि 'राहुल सुरेश' दुसऱ्या ओळीत असतं. जर्मन माणसाला सुरेश हे याचं दुसरं नाव वाटतं. विद्यापीठ कधी 'राहुल पाटील' लिहितं, कधी 'राहुल सुरेश पाटील'. आनमेल्डुंगच्या कागदावर एक नाव, दारावरच्या पाटीवर दुसरं. वकिलातीच्या फॉर्मवर यातलं काहीही न बघता पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच ओळींत लिहायचं. लग्नानंतर नाव बदलून पासपोर्टवर माहेरचंच ठेवलं असेल तर माहेरचंच. घरच्यांनाही हे सांगून ठेवा. कारण फोन करणारी आई "आमचा पप्पू" म्हणते, आणि पासपोर्टवर पप्पू नसतो.

तो एक रकाना

भारतातील संपर्क. नाव, नातं, फोन.

"आईचा टाकू ना?" भाच्याने विचारलं.

"तुझ्या आईचा फोन रात्री कुठे असतो?"

"हॉलमध्ये. चार्जिंगला."

"आवाज चालू असतो?"

तो हसला. माझी बहीण चांगल्या चांगल्या सुप्रभात संदेशांना कंटाळून फोन कायमचा मुका करून बसलेली आहे. शेजारणीने दार वाजवलं तरच तिला कळतं की कोणी फोन करतंय. दहा मिनिटं आम्ही घरातल्या एकेका माणसाचा हिशेब मांडला. आजोबांकडे साधा फोन आहे, उचलतात, पण इंग्रजी किंवा हिंदीत बोलणारा माणूस आला की "राँग नंबर" म्हणून ठेवून देतात. बाबा दिवसभर साइटवर असतात, रेंज नाही. शेवटी काका सापडला. त्याचं औषधांचं दुकान आहे, रात्री-बेरात्री फोन उचलायची सवय आहे, आणि हिंदी-इंग्रजी दोन्ही चालतं. पहिला नंबर काकाचा टाकला, दुसरा आईचा, दोन्हीच्या आधी अधिक ९१.

हा हिशेब तुम्हीही मांडा. जो उचलतो, जो घाबरून फोन ठेवत नाही, ज्याला तुमचं पासपोर्टवरचं नाव माहीत आहे आणि जो घरात बाकीच्यांना नीट सांगू शकतो, त्याचा नंबर द्या. दुसरं, संपर्क म्हणून फक्त इथल्या रूममेटचा नंबर देऊ नका. घराला आग लागली तर तोही तुमच्याबरोबर रस्त्यावर उभा असतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. मी स्वतः आले तेव्हा लुडविग्सहाफेनला राहायचे. भारतातला संपर्क म्हणून सदाशिव पेठेतल्या वाड्याचा लँडलाइन नंबर लिहिला होता, कारण लहानपणापासून तो एकच तोंडपाठ होता. पुढे वाडा पाडून इमारत उभी राहायला लागली, आई-बाबा सिंहगड रोडला गेले, लँडलाइन बंद झाला. मी नदी ओलांडून मानहाइमला आले. नोंद तशीच. मला फ्रँकफर्टहून १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाची निमंत्रणं येत राहिली आणि ती बघून मला उलट बरं वाटायचं, की बघा, आपलं नाव यादीत आहे. मग एकदा सायकलवरून पडले आणि तीन दिवस रुग्णालयात होते. पहिल्या रात्री मैत्रिणीने माझ्या घरातल्या फायलीतून नोंदणीचा छापील कागद काढला आणि त्यावरचा नंबर फिरवला. हा क्रमांक अस्तित्वात नाही. घरी कळलं ते तिसऱ्या दिवशी, मी स्वतः फोन केला तेव्हा. आईने पहिलं वाक्य काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाठवल्यानंतर

पोच आली की ती जपून ठेवा. फोनमध्ये एक फोटो, ईमेलमध्ये एक प्रत, आणि कागदावर एक. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रतही त्याच्याबरोबर. कार्यालयाचा तातडीचा नंबर देशाच्या कोडसह फोनमध्ये घाला. दुबईच्या साहाय्यता केंद्राचा नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे: आधी ८००, मग कीपॅडवर इंग्रजी 'इंडिया' दाबा, म्हणजे ४६३४२. तातडीच्या नंबरावर मृत्यू, अटक, अपघात, हरवलेलं माणूस, राहायला छप्पर नाही, एवढ्यासाठीच फोन करायचा. "माझा पासपोर्ट कुठपर्यंत आला" हे विचारायला रात्री अकराला तो नंबर फिरवणारे महाभाग आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या अडचणीतल्या माणसाला लाइन मिळत नाही.

कार्यालयाची समाजमाध्यमांवरची खातीही बघत राहा. २०२५च्या जूनमध्ये इराणवर हल्ले सुरू झाले तेव्हा तेहरानच्या आपल्या दूतावासाने भारतीयांना टेलिग्रामच्या दुव्यावर यायला सांगितलं होतं. सूचना आता तिथेच आधी येतात.

नोंद कधी बदलायची? घर बदललं, नंबर बदलला, व्हिसा वाढला, घरचा संपर्क बदलला की. सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे नवा पासपोर्ट. आपल्याकडे पासपोर्ट पुन्हा काढला की क्रमांकही नवा येतो, त्यामुळे जुन्या क्रमांकावरची नोंद आपोआप शिळी होते. कायमचे परत निघालात तरी कळवा. नाहीतर उद्या इथे काही झालं तर तुम्ही कोथरूडमध्ये चहा पीत असताना कोणीतरी तुम्हाला शोधत बसेल.

अटक झाली तर

इथे थोडं थांबते, कारण या बाबतीत भलते समज आहेत. नोंद केली म्हणून पोलीस वकिलातीला आपोआप कळवत नाहीत. १९६३चा व्हिएन्ना करार, कलम ३६, सांगतं की परदेशी माणसाला पकडलं तर 'तुझ्या वकिलातीला कळवू का' हा त्याचा हक्क त्याला विनाविलंब सांगायला हवा, आणि त्याने हो म्हटलं तर कळवायला हवं. मागणी आपण करायची असते. कुलभूषण जाधवांचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात याच कलमावर लढला गेला. पाकिस्तानने या कलमाचा भंग केला, असा निकाल १७ जुलै २०१९ला लागला.

त्यामुळे जिथे राहता त्या भाषेतलं एक वाक्य पाठ करून ठेवा. जर्मनीत ते असं: इश म्योश्टे, दास दास इंडिशे कोन्झुलात इन्फॉर्मीर्ट विर्ट. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवावं, अशी माझी इच्छा आहे. भाच्याकडून मी पाच वेळा म्हणवून घेतलं. तो म्हणाला, "मावशी, मी काही करणार नाहीये." मी म्हटलं, करणाऱ्यांनाच पकडतात असं थोडंच आहे.

वकिलात तुम्हाला सोडवून आणत नाही. भेटायला येते, वकिलांची यादी देते, घरी कळवते, तुम्हाला नीट वागवलं जातंय का ते बघते. दंड भरत नाही, कर्ज फेडत नाही, नोकरीवरून काढलं तर मालकाशी भांडत नाही. अगदीच हाती काही नसलेल्यांसाठी २००९पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून तात्पुरती राहण्याची सोय, परतीचं तिकीट, तातडीचे उपचार, पार्थिव घरी आणणं अशा गोष्टींना मदत मिळू शकते, पण परिस्थिती पाहून. घरच्यांना भारतातून तक्रार करायची असेल तर 'मदद' संकेतस्थळ आहे. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो आणि त्यावरून ती कुठे अडली ते बघता येतं.

पासपोर्ट हरवला तर

आधी पोलिसांत नोंद, मग वकिलातीला फोन. इमर्जन्सी सर्टिफिकेट नावाचा एक कागद मिळतो, पण तो एका बाजूचा असतो, फक्त भारतात परतण्यासाठी. मानहाइमला राहता, प्रागला फिरायला गेलात आणि पासपोर्ट तिथे गेला, तर त्या कागदाने तुम्ही मुंबईला पोचाल, मानहाइमला नाही. असं झालं तर प्रागच्या दूतावासाला आणि स्वतःच्या कार्यालयाला, दोघांनाही फोन करा आणि नवा पासपोर्ट कुठून काढायचा ते विचारून मगच निघा. जर्मन रहिवासी कार्ड पासपोर्टच्या कव्हरात ठेवू नका. दोन्ही एकदम जातात.

बाळ झालं तर

ही नोंद वेगळी, आणि हिला मुदत आहे. भारताबाहेर जन्मलेल्या बाळाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळायचं असेल तर जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय कार्यालयात जन्म नोंदवावा लागतो. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि मग पत्रव्यवहार सुरू. बारशाच्या गडबडीत हे राहतं. नाव ठरलं की लगेच अर्ज करा, आत्याबाई येईपर्यंत थांबू नका.

कोणाचा पासपोर्ट, त्याची वकिलात

ज्या देशाचा पासपोर्ट, त्या देशाची वकिलात. गोव्यातली बरीच मंडळी पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात आहेत. कोकणीत बोलतात, गणपतीला मंडळात येतात, पण अडचणीत त्यांचं दार पोर्तुगालच्या वकिलातीचं. घरात नवरा पोर्तुगीज आणि बायको भारतीय असेल तर दोन ठिकाणी दोन नोंदी. ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, हे नागरिकत्व नव्हे, तेव्हा ओसीआयवाल्यांनीही आपापल्या देशाकडे बघायचं. जर्मनीत २०२४च्या जूनपासून जुनं नागरिकत्व न सोडता जर्मन नागरिक होता येतं, हे ऐकून काहींना वाटलं की दोन पासपोर्ट ठेवता येतील. जर्मनी ठेवू देते, भारत नाही. जर्मन कागद हाती आला की भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि नागरिकांच्या यादीतून नावही काढायचं.

आखातात जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

रत्नागिरी-रायगडातून आखातात कामाला जाणाऱ्यांची नोंद विमानात बसण्याआधीच सुरू होते. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआर, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक, असा शेरा असतो, आणि आखातासह १८ देशांत कामाला जाताना त्यांना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून परवानगी लागते. तिच्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजना येते: दहा लाखांचं संरक्षण, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५, कर वेगळा. कामासाठी जायचं आणि व्हिजिट व्हिसावर बसवायचं, असं एजंट म्हणाला तर तिथेच उठा. त्या वाटेने गेलेला माणूस कुठल्याच यादीत नसतो. पासपोर्टची प्रत घरी आणि फोनमध्ये असू द्या, कारण मूळ पासपोर्ट मालकाच्या कपाटात जाऊन बसतो.

आठ-दहा दिवसांच्या सहलीला जाणाऱ्यांनी नोंद करायलाच हवी असं नाही. शांत देशात जात असाल तर तिथल्या आपल्या कार्यालयाचा तातडीचा नंबर लिहून घ्या, पुरे. गडबडीच्या भागात जात असाल तर आधी मंत्रालयाची सूचना वाचा, आणि तरीही जाणार असाल तर नोंद करा.

शेवटचं काम

ज्याचा नंबर दिला त्याला सांगा. हे हमखास राहतं. त्याला तुमच्या पासपोर्टची प्रत, इथला पत्ता, विम्याचा क्रमांक आणि वकिलातीचा तातडीचा नंबर एकाच संदेशात पाठवा, आणि परदेशी किंवा अनोळखी नंबर आला तरी उचलायला सांगा.

भाच्याने फॉर्म पाठवला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे तिकडे साडेबारा. मी म्हटलं, आत्ताच लाव काकाला, उचलतो का बघू. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"कोणती गोळी?" काका म्हणाला.